डोंगरपायथ्याच्या पब्लिक कोर्सवर गोल्फची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपाटीवर खेळणारा माणूस पहिल्यांदा डोंगरपायथ्याच्या कोर्सवर जायचं ठरवतो, तेव्हा त्याला बुकिंगची आणि सामानाची चिंता असते. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे) उभं राहिलं की वेगळेच प्रश्न सुरू होतात. चेंडू इतका लांब कसा गेला? पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, घरंगळत मारलेला फटका) उलटीकडे का वळला? जेवायच्या वेळेला लख्ख असलेलं आभाळ तासाभरात काळं कसं झालं? इथे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेतले आहेत. माझं एक ठाम मत आधीच सांगतो, कारण पुढे ते वारंवार येईल: तीन कोर्स एकेकदा खेळण्यापेक्षा एकच कोर्स दोनदा खेळा, आणि दोन्ही वेळा सकाळी खेळा.

पब्लिक कोर्सवर सभासद नसताना खेळता येतं का?

येतं, पब्लिक कोर्स त्यासाठीच असतो. ग्रीन फी (खेळायचे पैसे) भरायची, टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) घ्यायचा आणि खेळायचं. काही पब्लिक कोर्स नगरपालिकेसारख्या संस्था चालवतात, काही खासगी मालकीचे पण सगळ्यांना खुले असतात, तर काही रिसॉर्टला जोडलेले असतात आणि तिथे राहणाऱ्या पाहुण्यांना आधी वेळ देतात. पब्लिक म्हणजे दुय्यम दर्जाचा, असा समज असेल तर तो सोडून द्या. स्कॉटलंडमधला सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हा जगातला सर्वांत नावाजलेला कोर्स, तोही पब्लिकच आहे. मात्र अवघड कोर्सवर हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा, पुरावा मागू शकतात. तुमचा हँडिकॅप नोंदवलेला असेल तर तो फोनमध्ये दाखवता येईल असा ठेवा.

टी टाइम किती आधी घ्यावा, आणि फोनवर काय विचारावं?

बहुतेक कोर्स ठरावीक दिवस आधी बुकिंग उघडतात. तो दिवस कोणता हे विचारून घ्या आणि त्याच सकाळी बुक करा, कारण डोंगराकडच्या कोर्सवर पहिल्या दोन तासांच्या वेळा सगळ्यांत आधी संपतात. ऑनलाइन बुकिंग असलं तरी एक फोन कराच. वेबसाइटवर सहसा न सापडणाऱ्या गोष्टी फोनवर कळतात.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न ग्रीनच्या एअरेशनचा. मुळांना हवा मिळावी आणि माती मोकळी व्हावी म्हणून वर्षातून एकदोनदा ग्रीनला बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. ग्रीनच्या तब्येतीला ते हवंच. पण त्यानंतरचे आठदहा दिवस, कधी त्याहूनही जास्त, पट उड्या मारत जातो. लांबून खर्च करून आलेल्याला पहिल्या ग्रीनवर वाळू दिसली की फार वाईट वाटतं. तारखा ठरवायच्या आधीच हे विचारा. त्याचबरोबर त्या दिवशी स्पर्धा आहे का, कार्ट (खेळाडूंची छोटी गाडी) फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवतावर) नेऊ देतात की फक्त रस्त्यावरूनच, आणि सकाळी दव गोठल्यामुळे खेळ उशिरा सुरू होतो का, हेही विचारून घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

त्या भागातला पावसाळा आणि कडक थंडी टाळा, एवढं ढोबळ उत्तर. त्यापुढे माझी पसंती हंगामाच्या शेवटाला. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ वितळून किंवा पाऊस पडून जमीन ओली असते, चेंडू चिखलात रुततो आणि उतारावर पाय घसरतो. शेवटी शेवटी जमीन कडक आणि कोरडी झालेली असते, आभाळ स्थिर असतं आणि गर्दीही उतरलेली असते. दिवस लहान होतात, ही त्यातली एकच अडचण. अठरा होल संध्याकाळच्या आत संपवायचे असतील तर दुपारची वेळ घेऊ नका.

सकाळची वेळ घ्यावी की दुपारची? दुपारी तर ग्रीन फी कमी असते.

कमी असते हे खरं. पण डोंगरपायथ्याला दुपारची फी कमी असण्याला कारणं आहेत.

पहिलं कारण वारा. ऊन पडलं की डोंगराचे उतार तापतात आणि हवा दरीतून वर चढू लागते. दुपारपर्यंत हा वारा चांगलाच जोर धरतो. सूर्य कलला की उतार गार होतात आणि हवा उलटी, डोंगराकडून खाली वाहते. दुपारी पाठीमागून वारा मिळालेला होल संध्याकाळी तोंडावरच्या वाऱ्यात खेळावा लागतो, आणि स्कोअरकार्डवरचा आकडा मात्र तोच राहतो. पहाटेनंतरचे पहिले दोनतीन तास हवा बहुतेक शांत असते.

दुसरं कारण ढग. उतारावरून वर चढणारी हीच दमट हवा उंचावर गार होते, तिचे ढग बनतात, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारनंतर विजांसह पाऊस येऊ शकतो.

तिसरं कारण बरेच जण विसरतात. डोंगर पश्चिमेला असेल तर सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी कोर्सवर सावली उतरते. पंचांगात सूर्यास्त कितीही वाजता असो, सोळाव्या होलपासून पुढे चेंडू कुठे पडला हे दिसेनासं होतं. आणि डोंगर पूर्वेला असेल तर सकाळी ऊन उशिरा पोचतं आणि दव जास्त वेळ टिकतं. म्हणून डोंगर कोर्सच्या कोणत्या बाजूला आहे हे नकाशावर बघा आणि मगच वेळ ठरवा.

दव गोठलं म्हणून खेळ थांबवतात, हे खरंच गरजेचं असतं का?

हो. गवताच्या पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात. त्या क्षणी काहीच दिसत नाही. ऊन चढल्यावर मात्र पावलांच्या आकाराचे काळपट डाग उमटतात, आणि ग्रीनवरचा असा डाग भरायला बरेच दिवस जातात. त्यामुळे स्टार्टरने (गटांना पहिल्या टीवरून सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) थांबायला सांगितलं तर वाद घालू नका. सरावाच्या ग्रीनवरही जाऊ नका, तिथलं गवत तितकंच गोठलेलं असतं. थंड भागात पहिल्याच टी टाइमऐवजी तासाभराने नंतरची वेळ घेतली तर ही वाट बघणं टळतं.

उंचीवर चेंडू खरंच लांब जातो का? किती?

जातो. उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे चेंडूला होणारा विरोध कमी होतो. ढोबळ मानाने दर १००० फुटांमागे १ ते २ टक्के धरा. म्हणजे ३००० फुटांवरच्या कोर्सवर १५० यार्डांचा फटका ५ ते ९ यार्ड पुढे जाईल. फरक किती पडतो हे तुमच्या फटक्यावर अवलंबून आहे. जोरकस आणि उंच मारणाऱ्याला तो जास्त जाणवतो, हळू स्विंग असणाऱ्याला कमी. वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने, म्हणजे काठीने) मारलेल्या छोट्या फटक्यात तो जवळजवळ विसरला तरी चालतो.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण १९६० सालच्या यूएस ओपनचं. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, डेन्व्हरजवळच्या चेरी हिल्स कोर्सवर, समुद्रसपाटीपासून ५००० फुटांहून उंचावर ही स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला अर्नोल्ड पामर आघाडीपासून सात फटके मागे होता. पहिला होल ३४६ यार्डांचा, पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला. पामरने ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारणारा क्लब) काढला आणि चेंडू एका फटक्यात ग्रीनवर नेला. त्या फेरीत ६५ फटके खेळून त्याने स्पर्धा जिंकली. धाडस त्याचंच, पण विरळ हवेनेही त्याला साथ दिली.

आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट दुसरीच आहे. विरळ हवेत चेंडूच्या फिरकीला धरायला हवा कमी मिळते. त्यामुळे स्लाइस आणि हुक (बाजूला वळत जाणारे फटके) थोडे कमी वळतात, हा फायदा. पण चेंडू नेहमीइतका वर चढत नाही, चपटा उतरतो आणि ग्रीनवर पडून पुढे घरंगळतो. आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने) ग्रीनवर चेंडू थांबवायची सवय असलेल्यांनी पहिल्या दिवशी ग्रीनच्या पुढच्या काठाचा नेम धरावा.

त्यात सकाळच्या थंडीचा हिशेब उलटा चालतो. गार हवा दाट असते, चेंडूही कडक होतो, अंगही मोकळं झालेलं नसतं. उंचीने दिलेलं थंडी परत घेऊ शकते. चेंडू मुद्दाम गरम करून खेळणं मात्र नियमात बसत नाही.

ग्रीन खाली किंवा वर असेल तर क्लब कसा निवडायचा?

साधा हिशेब: ग्रीन जितके यार्ड खाली, तितके यार्ड अंतरातून वजा. वर असेल तर तितके मिळवा. ग्रीन ३० फूट खाली असेल तर १० यार्ड कमी, म्हणजे साधारण एक पायरी कमी अंतराचा क्लब. हा हिशेब मधल्या आयर्नला बऱ्यापैकी लागू पडतो. लांब क्लबचा चेंडू चपट्या कोनात उतरतो, म्हणून त्याला फरक जास्त पडतो. वेजचा चेंडू जवळजवळ सरळ खाली येतो, त्याला कमी.

खूप खाली असलेल्या पार थ्रीवर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून वारा त्याला जास्त ढकलतो. टीवर झाडांच्या आडोशाला काहीच जाणवत नसेल तर खाली ध्वजाकडे आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघा.

रेंजफाइंडरबद्दलही इथेच सांगतो. अंतर मोजायला नियमांची परवानगी आहे. चढउताराचा हिशेब करून देणारी सोय मात्र स्पर्धेत किंवा हँडिकॅपसाठीच्या फेरीत बंद ठेवावी लागते. नुसती मौज म्हणून खेळत असाल तर सुरू ठेवा, चार होलांनंतर डोळ्यालाही अंदाज यायला लागतो.

चेंडू उतारावर असताना कसं उभं राहायचं?

सपाटीवर खेळणाऱ्याचे सगळ्यांत जास्त फटके इथे वाया जातात. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे, डावखुऱ्यांनी उलट करावं.

चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर तो डावीकडे जातो. ग्रिप थोडी खाली धरा, सरळ उभे राहा, नेम उजवीकडे घ्या. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर तो उजवीकडे जातो, आणि हा सगळ्यांत अवघड लाय (चेंडूची जमिनीवरची स्थिती). गुडघे जास्त वाकवा आणि फटका संपेपर्यंत तीच उंची राखा. बहुतेक वेळा माणूस मध्येच उठतो आणि चेंडूचा वरचा भाग लागतो.

चढावर चेंडू उंच उडतो आणि कमी जातो, म्हणून एक पायरी जास्त अंतराचा क्लब घ्या. उतारावर तो खालून जातो आणि जास्त घरंगळतो, म्हणून जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त तिरकं असलेला) क्लब घ्या. दोन्हीकडे खांदे जमिनीच्या उताराला समांतर ठेवा, आणि फटक्यानंतर क्लबही त्याच उताराच्या रेषेत जाऊ द्या. उतारावर चेंडू हवेत उचलायचा प्रयत्न केला की क्लब आधी जमिनीत घुसतो.

चारही प्रकारांत पूर्ण जोर लावू नका, तीन चतुर्थांश स्विंग पुरे. सहलीच्या आधी ड्रायव्हिंग रेंजवर हे जमत नाही, कारण तिथली मॅट सपाट असते. मैदानातला एखादा मातीचा उंचवटा गाठा आणि चेंडू न ठेवता नुसते स्विंग करून बघा. क्लब जमिनीला कुठे घासतो ते बघितलं की चेंडू पायांच्या मध्ये ठेवायचा की मागे, हे आपोआप कळतं.

ग्रीनवर चेंडू उलटीकडे का वळतो?

आसपासची सगळी जमीन एका बाजूला झुकलेली असली की डोळा त्या झुकावालाच सपाट धरतो. समजा डोंगर उत्तरेला आहे आणि सगळी जमीन दक्षिणेकडे उतरते. ग्रीनही दक्षिणेकडेच उतरतं, पण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कमी. अशा ग्रीनवर उभं राहिलं की ते दक्षिणेकडे चढत गेल्यासारखं दिसतं. तुम्ही चढ समजून जोर लावता आणि चेंडू होलच्या दोन मीटर पुढे निघून जातो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, डोंगर कुठे आणि दरी कुठे हे ग्रीनवर चढायच्या आधीच, लांबूनच ठरवून ठेवा. ग्रीनवर पोचल्यावर भोवतालचा उतार दिसेनासा होतो. दुसरा, जवळपास तळं असेल तर त्याच्या पाण्याच्या कडेकडे बघा. ती रेषा नेहमी आडवी असते, आणि तिच्या तुलनेत ग्रीनचा खरा झुकाव ओळखता येतो. तिसरा, पायांवर विश्वास ठेवा. चेंडू आणि होल यांच्या मध्यावर, रेषेच्या बाजूला उभे राहा आणि डोळे क्षणभर मिटा. वजन टाचांवर येतं की चवड्यांवर, हे जाणवतं. डोळ्याला फसवणारा उतार तळपायाला सहसा फसवत नाही.

सगळे पट डोंगरापासून दूर वळतात, असं स्थानिक लोक सांगतील. ते बरंचसं खरं आहे, पण डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे, कारण काही ग्रीनचे उतार मुद्दाम वेगळे बनवलेले असतात. डोळा आणि पाय वेगवेगळं सांगत असतील तेव्हा डोंगराचा कौल घ्या.

खेळायच्या आधी पंधरा मिनिटं सरावाच्या ग्रीनवर घालवा. एकाच अंतराचा पट आधी डोंगराच्या दिशेने आणि मग दरीच्या दिशेने मारून बघा. दोन्हींतला फरक कळला की दिवसभराचे तीन पटांचे होल निम्मे होतात. दुसऱ्यांदा त्याच कोर्सवर खेळण्याचा खरा फायदाही ग्रीनवरच दिसतो, म्हणून दोन फेऱ्यांचा माझा आग्रह.

कोणत्या टीवरून खेळावं? स्लोप रेटिंग म्हणजे डोंगराचा चढ का?

नाही. स्लोप रेटिंगचा जमिनीच्या चढाशी थेट संबंध नाही. निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला तो कोर्स किती जास्त अवघड जाईल, याचा तो आकडा आहे. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानतात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तो थेट वापरला जातो. तुमचा हँडिकॅप इंडेक्स १८ असेल आणि त्या टीचं स्लोप रेटिंग १३६, तर १८ गुणिले १३६ भागिले ११३, म्हणजे जवळजवळ २२. कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे अपेक्षित फटके) आणि पार यांत फरक असेल तर तोही यात मिळवतात.

टी निवडायचा एक सोपा ठोकताळा आहे. तुमचा पाच नंबरचा आयर्न जितके यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा. १५० यार्ड जात असेल तर जिथून अठरा होलांची लांबी ५४०० यार्डांच्या आसपास होते ती टी घ्या. डोंगरपायथ्याला मी त्याहूनही एक पुढची टी सुचवेन. मागच्या टीवरून दरी पार करून चेंडू नेणं हा रोमांच दोन होलांपुरता असतो. नंतर चेंडू शोधण्यातच वेळ जातो आणि मागचे खेळाडू ताटकळतात.

चालत खेळावं की कार्ट घ्यावी?

सपाट कोर्सवर अठरा होल चालणं म्हणजे साधारण ८ ते १० किलोमीटर. डोंगरात चढ तर असतोच, शिवाय एका ग्रीनपासून पुढची टी लांब असते. रोज चालायची सवय असेल तर एक फेरी जरूर चाला, जमिनीचा अंदाज चालतानाच नीट येतो. लागोपाठ दोन दिवस खेळायचं असेल तर दुसऱ्या दिवशी कार्ट घ्या. दमलेले पाय उतारावर तोल राखू शकत नाहीत.

कार्ट चालवताना ओल्या उतारावर आडवी नेऊ नका, सरळ चढवा किंवा सरळ उतरवा. वळण सपाटीवर घ्या. उतरण्यापूर्वी ब्रेक पूर्ण लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. कडेला बाहेर लोंबणारा पाय ही कार्टच्या अपघातांतली नेहमीची जखम आहे.

बॅगेत काय काय हवं?

क्लब जास्तीत जास्त १४, हा नियमच आहे. डोंगरात लांब फेअरवे वुडपेक्षा एखादा हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) जास्त कामाला येतो, कारण उतारावर आणि रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) तो सुटसुटीत फिरतो. चेंडू नेहमीपेक्षा जास्त घ्या, त्यातले काही पिवळे असू द्या. दोन हातमोजे, कारण एक दवाने भिजतोच. पातळ थर असलेले कपडे, वाऱ्यापावसाचं जॅकेट आणि टॉवेल. ऊन गार वाटलं तरी उंचीबरोबर अतिनील किरणं वाढतात, दर १००० मीटरमागे साधारण १० टक्के. म्हणून टोपी आणि सनस्क्रीन हवंच. पाणी भरपूर ठेवा. बुटांचे सॉफ्ट स्पाइक झिजले असतील तर निघायच्या आधी बदला.

विजा चमकू लागल्या तर?

खेळ थांबवा, लगेच. स्पर्धा असली तरी विजेचा धोका वाटला तर स्वतःहून खेळ थांबवायची मुभा नियमांनी खेळाडूला दिलेली आहे, कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. तेवढ्यात आसरा गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

आसरा म्हणजे पक्की इमारत किंवा सगळ्या बाजूंनी बंद मोटार. एकटं झाड, उघडी शेड आणि गोल्फ कार्ट यांपैकी काहीही सुरक्षित नाही. डोंगरात ढग कड्याआडून येतो, त्यामुळे तो दिसतो तेव्हा तो जवळ आलेला असतो. क्लबहाऊसपासून सगळ्यांत लांबचा होल कोणता, हे खेळायच्या आधी स्कोअरकार्डवर बघून ठेवा. ढग जमायला लागले असतील तर त्या होलकडे जाऊ नका.

चेंडू दरीत गेला, किंवा सापडेना, तर नियम काय?

शोधायला ३ मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी ५ मिळत. चेंडू हरवण्याची किंवा हद्दीबाहेर जाण्याची शंका असेल तर पुढे जाण्याआधीच प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा) चेंडू मारा. मारताना तो प्रोव्हिजनल आहे हे स्पष्ट सांगा. लाल खुंट्यांच्या (दंड लागणाऱ्या जागेच्या) आत गेला असेल तर एका फटक्याच्या दंडाने, चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लबलांबीच्या आत ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून टाकून तिथून खेळता येतो. बऱ्याच कोर्सवर हरवलेल्या चेंडूसाठी मागे न जाता दोन दंडांनी पुढे ड्रॉप घ्यायची स्थानिक सूट असते. ती स्कोअरकार्डच्या मागे छापलेली असते.

दरीत उतरून चेंडू आणायला जाऊ नका.

साप, मधमाश्या, मोठी जनावरं दिसली तर?

चेंडू अशा ठिकाणी पडला की खेळल्यास साप चावू शकतो किंवा माश्या डसू शकतात, तर दंडाशिवाय दुसरीकडे ड्रॉप घ्यायची सोय नियमांत आहे. तिचा वापर करा. मोठं जनावर फेअरवेवर आलं तर थांबा, मागच्या गटाला खूण करा, त्याला वाट मोकळी द्या. फोटोसाठी जवळ जाऊ नका.

आमच्या गटात दोघं चांगले खेळतात, बाकीचे नवखे आहेत. सगळ्यांना मजा येईल असं कसं खेळायचं?

स्टेबलफर्ड खेळा. फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरने ही गुणपद्धत मांडली आणि १९३२ मध्ये तिच्यावर पहिली स्पर्धा झाली. प्रत्येक होलवर हँडिकॅपचे फटके वजा करून पारला २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३. दोन फटके जास्त झाले की शून्य, आणि मग चेंडू उचलून पुढे जायचं. डोंगरात एखाद्या होलवर दोन चेंडू दरीत जातातच. साध्या मोजणीत त्या एका होलने सगळा दिवस बिघडतो, इथे फक्त एक शून्य लागतं.

अगदीच नवखे असतील तर पहिल्या दिवशी स्क्रॅम्बल खेळा: सगळ्यांनी मारायचं, त्यातला उत्तम चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथून. आठ जण असाल तर चार-चारच्या दोन गटांत चांगले खेळाडू वाटून घ्या. पुढच्या गटात कोर्स माहीत असलेला एक जण असला की वेळ वाचतो.

मी एकटाच आलोय. चालेल?

चालेल. पब्लिक कोर्सवर एकट्याला दोघातिघांच्या गटात जोडून देतात. त्यात स्थानिक खेळाडू भेटला तर नशीब, दुसऱ्या होलपर्यंत ग्रीनचं मर्म कळतं. मोकळेपणाने विचारा.

क्लब विमानातून न्यावेत की तिथेच भाड्याने घ्यावेत?

दोन फेऱ्या किंवा जास्त खेळणार असाल तर स्वतःचे न्या. अंतराचे सगळे आकडे बदललेले असताना निदान क्लब तरी ओळखीचे हवेत. ड्रायव्हरचं डोकं काढता येत असेल तर काढून टॉवेलमध्ये गुंडाळा. बॅगेत सगळ्यांत लांब क्लबपेक्षा उंच एखादी भक्कम काठी उभी ठेवा म्हणजे धक्का तिच्यावर बसतो. रेंजफाइंडर आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. बूट आणि हातमोजाही जवळ असू द्या. क्लब उशिरा पोचले तर भाड्याच्या सेटवर पहिली फेरी तरी नीट होते.

उंचीचा त्रास होतो का?

पायथ्याच्या कोर्सवर सहसा नाही. हा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो. पण घाटातल्या वळणांनी मळमळ आणि थकवा येतो, म्हणून पोचल्याच्या दिवशी लगेच अठरा होल ठरवू नका. नऊ खेळा, नाहीतर नुसतं सरावाच्या ग्रीनवर जा. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फेरीला किती वेळ लागेल? मागचे खेळाडू घाई करत असतील तर?

सपाटीवर चार ते साडेचार तास, डोंगरात पाच धरा. जो तयार असेल त्याने आधी मारायचं. फटक्याला ४० सेकंद पुरतात, नियमांतही तेवढीच शिफारस आहे. मागचा गट सतत वाट बघत असेल आणि पुढे होल रिकामा असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या. पार थ्रीवर हे सोपं जातं.

वेळेइतकंच ग्रीनकडे लक्ष द्या. पब्लिक कोर्सवर दिवसाला शेकडो चेंडू ग्रीनवर पडतात आणि प्रत्येक जण खळगा करतो. तो बुजवताना बरेच जण काटा खळग्याच्या तळाशी घालून माती वर उचकटतात. त्याने मुळं तुटतात आणि डाग पडतो. काटा खळग्याच्या काठाबाहेर रोवा, गवत मध्याकडे ढकला, चारही बाजूंनी तसं करा आणि पटरने हलकेच थोपटा. दहा सेकंदांचं काम आहे. आपला एक बुजवा आणि शेजारचा दुसऱ्याचाही.

पावसाने फेरी अर्धवट राहिली तर पैसे परत मिळतात का?

रोख परतावा क्वचित मिळतो. बरेच कोर्स न खेळलेल्या होलांच्या प्रमाणात पुढच्या फेरीसाठी सवलतीची पावती देतात. किती होलांनंतर ती मिळत नाही, आणि ती किती दिवस चालते, हे प्रत्येक कोर्सचं वेगळं असतं, म्हणून बुक करतानाच विचारा. मार्शलने (कोर्सवर देखरेख करणाऱ्याने) खेळ थांबवल्यावर परत येणं आणि आपणहून निघून येणं यांत काही कोर्स फरक करतात. थांबल्याबरोबर आधी प्रो शॉपमध्ये (कोर्सच्या दुकानात) जाऊन कितव्या होलवर होतात ते नोंदवा. दोन दिवसांचं बुकिंग असेल तर ती पावती दुसऱ्याच सकाळी वापरता येते का, हेही तिथेच विचारून घ्या.